लेबर बाहेर आहे

गणपती आटोपले की आमच्या पेणच्या या दिवाळी अंकाचे संपादक घरी येतात, चहा घेतात आणि म्हणतात, "म्हात्रेकाका, यंदा तरी कंपनीतल्या गमती लिहून द्या." मी दरवर्षी काहीतरी सांगून त्यांना वाटेला लावतो. एका वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, ते कारण झालं. एका वर्षी घराचं रंगकाम काढलं होतं. मागल्या वर्षी कारण सुचेना, तर सरळ म्हणालो, लिहिता येत नाही. ते खोटं होतं. मला लिहिता येतं, आणि गमतीही पुष्कळ आहेत. लग्नकार्यात मी त्या सांगतो आणि लोक हसतात. पण त्यातली कुठलीही गंमत पुढे नेली की ती एका दुपारपाशी येऊन थांबते. सांगताना मला अलीकडेच थांबता येतं, लिहिताना येईल असं वाटेना. म्हणून इतकी वर्षं टाळलं. आता देवका नाही, हमीदभाईही नाहीत. मी गेलो तर त्या दुपारी काय झालं हे सांगणारं कोणी उरणार नाही, आणि जे चुकीचं सांगितलं गेलं तेच खरं म्हणून राहील.

मी रोह्याजवळच्या एका केमिकल कंपनीत टाइमकीपर होतो. कंपनीचं नाव सांगत नाही. त्या नावाने ती आता उरलीही नाही. घर पेणला, नोकरी रोह्याला. पहाटेच्या एसटीने निघायचं, नागोठण्याला डोळा लागायचा आणि रोह्याला कंडक्टर उठवायचा.

टाइमकीपर म्हणजे काय ते आजच्या मुलांना सांगावं लागतं. गेटला लागून माझी खोली. बाहेर भिंतीवर घड्याळाचं यंत्र आणि शेजारी कामगारांच्या कार्डांची फळी. आल्यावर आपलं कार्ड काढायचं, यंत्रात सरकवायचं, खटका दाबायचा, की 'ठक' असा आवाज होऊन वेळ छापली जायची. मी पाठमोरा बसलेलो असलो तरी लबाडी ओळखायचो. एकाच हाताने लागोपाठ दोन 'ठक' झाले की समजायचं, दुसऱ्या कार्डाचा मालक अजून वरसे गावाच्या वळणावर सायकल मारतोय. मी मान न वळवता म्हणायचो, "दुसरं कार्ड परत ठेव रे." नवी पोरं दचकायची. या कानाचा मला फार अभिमान होता.

गेटवर काम करणाऱ्याला माणसं दिसत नाहीत, जाती दिसतात. म्हणजे आपल्या जाती नव्हेत, कंपनीच्या. ऑफिसर, स्टाफ, वर्कर आणि लेबर. चारही शब्द इंग्रजी, आणि चारही सगळ्यांच्या तोंडी, अगदी अंगठेबहाद्दराच्याही. ऑफिसरची गाडी आली की मोठं फाटक उघडायचं. स्टाफला नमस्कार करायचा. वर्कर म्हणजे कायम कामगार. त्यांचं कार्ड, त्यांची युनियन, त्यांचं कँटीन. कोणी चुकून एखाद्या वर्करला लेबर म्हटलं तर मारामारीची वेळ यायची. एकदा एक फिटर एका नव्या ऑफिसरच्या अंगावर धावून गेला होता. "शिवी द्या साहेब, पण लेबर म्हणू नका!"

लेबर म्हणजे कंत्राटी माणसं. नातू इंग्रजी शाळेत शिकला; तो म्हणतो, आजोबा, त्या शब्दाचा अर्थ कष्ट. असेल. आमच्याकडे त्याचा वापर असा होता: लेबर लावा. लेबर काढा. लेबर कमी पडलं. आज लेबर चांगलं आलंय, म्हणजे उलट बोलणारं नाहीये. पाणी यावं, खत यावं, तसं लेबर यायचं. सकाळी यायचं, संध्याकाळी जायचं. मीही तसंच बोलायचो, आणि त्यात काही वावगं आहे असं मला कधीच वाटलं नाही. घराची मागची खोली बांधायला काढली तेव्हा बायको आतून विचारायची, "अहो, लेबर आलं का? चहा टाकायचाय." तिच्या मनात तर मायाच होती.

लेबरला कार्ड नव्हतं. त्यांचे मुकादम हमीदभाई. रोह्याचेच, खाडीकाठच्या जुन्या घरातले. एक भाऊ आखातात, दुसऱ्याचं दुकान. हमीदभाई सकाळी आपली माणसं फाटकाशी गोळा करायचे आणि खिडकीत डोकं घालून म्हणायचे, "भाऊ, लेबर आत सोडतो." मी मान हलवली की छोटं दार उघडायचं आणि बायका, पुरुष, एकामागून एक आत जायचे. कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, ते हमीदभाईंच्या डोक्यात. माझ्याकडे त्याची काहीच नोंद नसायची. कार्डं माझी, लेबर त्यांचं, अशी ती वाटणी होती.

एका वर्षी प्लांटच्या पूजेसाठी आमच्या पेणहून गणपतीची मूर्ती आणली. फाटकावरचा नवा वॉचमन अडून बसला. मूर्ती आत न्यायची तर मालाचा पास हवा. मालाचा पास म्हटल्यावर भटजी रागावले. व्हिजिटर म्हणून सोडावं, तर व्हिजिटरची सही हवी. सगळे उन्हात उभे. तेवढ्यात हमीदभाई म्हणाले, "भाऊ, लेबरबरोबर सोडा की. लेबरला कोण विचारतंय?" आणि खरोखरच, त्यांच्या माणसांच्या रांगेतून बाप्पा छोट्या दाराने आत गेले. मूर्तीवर छत्री धरून एक बाई चालली होती. माझ्या खिडकीशी येताच ती म्हणाली, "बघा हां भाऊ, आज लेबरात मोठा माणूस हाय. नीट बोला आमच्याशी."

ती देवका. निडी गावची. घरची थोडी शेती. भात निघालं की त्याच रानात वाल. नवरा धर्मा, दम्याचा, त्याच्याने नांगर व्हायचा नाही, म्हणून ही कंपनीत. पाइपांखाली सांडलेलं झाडणं, पिंपं धुणं, पोती लावणं, हे लेबरचं काम. हसायला पुढे, पण कामाला त्याहून पुढे. माझ्या बायकोला वालाचं बिरडं आवडतं हे तिला कुठून कळलं कोण जाणे. हंगामात ती मोड आलेले, सोललेले वाल फडक्यात बांधून खिडकीत ठेवायची. "वैनीला द्या. सांगा, निडीचं हायत." मी कधी काही देऊ केलं तर म्हणायची, "ठेवा वो. वाल काय इकत घेतलं व्हय मी?"

आता डब्याचं सांगतो, कारण सगळं त्यापाशीच आहे.

माझा डबा स्टीलचा, तीन पुडांचा. लग्नात मामांनी दिलेला, झाकणावर भांडीवाल्याकडून कोरून घेतलेलं नाव: दत्ताराम. पहाटे भरलेला डबा दुपारी गारढोण व्हायचा. त्यावर प्लांटमध्ये उपाय होता. वाफेचा जाड पाइप भिंतीलगत गेला होता, त्यावर जो तो आपला डबा ठेवायचा. नियमात बसत नव्हतं. बोर्डही लावला होता. बोर्डाखालीच डबे. जेवायच्या वेळेपर्यंत डबा असा तापायचा की फडक्याशिवाय धरता येऊ नये. पण माझी खोली पडली गेटवर. तेव्हा सकाळी आत जाताना माझा डबा देवका न्यायची आणि दुपारी बाहेर येताना आणायची. हे तिचं काम नव्हतं. एकदा तिने केलं, दुसऱ्यांदा मी सांगितलं, आणि मग ती वहिवाटच झाली.

लेबरची जेवणाची सुट्टी वर्करच्या आधी. कँटीन त्यांचं नव्हतं, त्यामुळे ते फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडच्या करंजाच्या झाडांखाली जेवायचे. त्या दिवशी हमीदभाई नव्हते. एकाच्या पायाला पत्रा लागला होता, त्याला घेऊन ते रोह्याला डॉक्टरकडे गेले होते. लेबर आपलं आपण बाहेर आलं. मी खिडकीतून पाहिलं, रंगीत पदर रस्ता ओलांडून जात होते. देवका शेवटी आली, रिकाम्या हातांनी.

"डबा?"

"भाऊ, पायपापाशी फिटर लोकं काम करतायत. मागाहून जाते मी. जेवून घेते आधी."

सकाळपासून माझं डोकं फिरलं होतं. यंत्राची शाई संपली होती, वरून बोलणी खाल्ली होती, आणि भूक लागली होती. मी म्हणालो, "तू जेवणार, आणि मी काय तुझ्या तोंडाकडे बघत बसू? जा, आत्ता घेऊन ये."

माझा आवाज जरा चढलाच असावा, कारण वॉचमनने मान वळवून पाहिलं. देवका काही मनाला लावून घेणारी नव्हती. कमरेला पदर खोचत म्हणाली, "जाते वो. डब्याला काय पाय फुटलंत व्हय?" आणि वळली.

ती प्लांटच्या दाराआड झाली, मी यंत्रात शाई भरत आणली, आणि भोंगा वाजला.

जेवणाचा भोंगा लांबलचक एक असायचा. हा तुटक होता. वाजे, थांबे, पुन्हा वाजे. सरावाच्या वेळी ऐकला होता, पण त्या वेळी आधी सांगितलेलं असायचं. मी उठून बाहेर आलो तर प्लांटच्या कोपऱ्यावरून पांढरं धुकं जमिनीलगत सरकत होतं. आणि मग वास आला. अमोनियाचा वास ज्याने घेतला नाही त्याला तो सांगता येत नाही. नाकाला लागायच्या आधी डोळेच मिटतात.

अशा वेळी प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं. माझं काम कार्डांचं: कार्डांची फळी घेऊन वाऱ्याच्या उलट्या बाजूला, ऑफिससमोरच्या मोकळ्या जागेत जायचं, बाहेर आलेल्यांची नावं हाकारायची आणि आत कोणी राहिलंय का ते साहेबांना सांगायचं. त्यावर पुढचं सगळं अवलंबून. आत माणूस असेल तर तोंडाला हवेची नळी लावून पहिली तुकडी त्याच्यासाठी आत जाणार. नसेल तर कोणाचा जीव धोक्यात घालायचा नाही. बाहेरून झडपा बंद करायच्या, पाण्याचे फवारे लावायचे आणि वाट बघायची.

माणसं धावत येत होती, खोकत होती. मी हाका मारत होतो. प्लांटचे मुख्य साहेब, त्यांना मी इथे नुसतं साहेब म्हणतो, माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"स्टाफ?"

"बाहेर, साहेब."

"वर्कर?"

एक ऑपरेटर मिळत नव्हता. मी त्याचं कार्ड हातात धरून पुन्हा हाक मारली. तेवढ्यात तो कँटीनच्या बाजूने तोंडाला रुमाल लावून आला. "वर्कर सगळे बाहेर, साहेब."

"लेबर?"

मी फाटकापलीकडे पाहिलं. करंजाखाली ते रंगीत पदर. काही बायका उभ्या राहून इकडे बघत होत्या. मी म्हणालो, "लेबर बाहेर आहे."

आजही मला शपथेवर सांगता येईल की ते शब्द तोंडातून गेले तेव्हा देवका माझ्या मनात नव्हती. एका एका नावाने हाक मारून खात्री करण्याची माझी सवय होती, पण ती कार्डवाल्यांसाठी. लेबर मी नेहमी एका नजरेत बघायचो. समोर लेबर दिसलं, म्हणजे लेबर बाहेर होतं.

साहेबांनी हात वर केला. "आत कोणी नाही. कोणी जायचं नाही. बाहेरची झडप आवळा, पाणी सोडा." तोंडाला नळ्या चढवून तयार झालेले दोघे जण थांबले. एकाने मुखवटा कपाळावर सरकवला.

तेव्हा रस्त्यापलीकडून एका बाईची हाक आली. वाऱ्यावर ती नीट ऐकू आली. "देवका कुठं हाय गो? देवका दिसत नाय!"

डबा, पाइप, पाइपाच्या अलीकडची चार पायऱ्यांची अंधारी जागा, सगळं डोळ्यांपुढे आलं. ती कुठे असेल ते त्या मैदानात एकट्या मला ठाऊक होतं. मी साहेबांकडे गेलो. माझ्या तोंडून जे निघालं ते असं:

"साहेब, एक लेबर कमी वाटतंय."

"वाटतंय म्हणजे? आत्ता तुम्हीच सांगितलंत बाहेर आहे."

"एक बाई दिसत नाही."

"कुठे होती ती? कुठे शोधायचं? आत डोळ्यापुढचा हात दिसत नाहीये, म्हात्रे! माणसं पाठवायची ती कुठे पाठवू?"

इथे मला एवढंच म्हणायचं होतं: वाफेच्या पाइपापाशी. मी पाठवलंय तिला, माझ्या डब्यासाठी. साहेब माझ्याकडे बघत होते. फिटर, ऑपरेटर, स्टाफ, सगळे बघत होते. पाइपावर डबे ठेवायला मनाई होती, बायकांना सुट्टीत आत पाठवायला मनाई होती, आणि ती बाहेर आहे असं मी नुकतंच सांगितलं होतं. नोकरी डोळ्यांपुढे आली, मागच्या खोलीच्या अर्ध्या भिंती आल्या. मी म्हणालो, "माहीत नाही, साहेब."

ते मी बोललो. भीतीने तोंडून निसटलं असं नाही. विचार करून बोललो.

तुकडी आत गेली. आधी तिने बायकांची मोरी पाहिली, मग पिंपं धुण्याची जागा, मग पोत्यांची शेड. बाई लेबर जिथे असू शकेल अशा सगळ्या जागा. मी मैदानात कार्डांची फळी छातीशी धरून उभा होतो. मनात म्हणत होतो, डावीकडे जा, पाइपाकडे जा. एकदा तर पाऊलही पुढे पडलं, पण ते मी मागे घेतलं. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. वेळ मोजायची माझी नोकरी होती, तरी नाही.

शेवटी त्यांना ती पायऱ्यांवर सापडली. पायऱ्यांशेजारच्या नळापर्यंत ती पोचली होती, पदर भिजवून तिने तोंडाला गुंडाळला होता, म्हणून जिवंत राहिली. स्ट्रेचरवरून नेताना तिचा श्वास करवतीसारखा वाजत होता. डोळे उघडत नव्हते. एका हाताने तिने छातीशी काहीतरी धरलं होतं, ते सोडवून घ्यावं लागलं. सोडवणाऱ्याने ते आणून माझ्यासमोर कट्ट्यावर ठेवलं.

झाकणावर माझं नाव होतं.

डबा अजून गरम होता.

पुढे चौकशी झाली. ती साहेबांच्या खोलीत, चहा वगैरे घेऊन, रीतसर. त्याआधी काही महिने पाइपावरचे डबे नाहीसे व्हायला लागले होते. कोणाची भाजी जायची, कोणाचा पूर्ण डबा. संशय लेबरवर, तो नेहमीच असायचा. साहेबांनी डबा टेबलावर ठेवून विचारलं, "हा तुमचा?"

"हो."

"म्हणजे तुमचाच उचलला होता तिने." साहेब वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "जेवणापायी जीव धोक्यात घातला बिचारीने. केस करू नका. गरीब आहे."

मी म्हणालो, "नाही करणार."

चोरीची तक्रार न करण्याचा मोठेपणा मी त्या खोलीत पदरात पाडून घेतला. लेबर सुट्टीत बाहेर गेलं होतं, एक लेबर स्वतःहून, परवानगीशिवाय आत गेलं. असं ठरलं आणि विषय मिटला. देवका दवाखान्यात होती, तिला कोणी विचारलं नाही, आणि वॉचमन माझ्याविरुद्ध बोलणार नव्हता.

हमीदभाईंना सगळं माहीत होतं. रोज डबा कोण आणतं ते त्यांना ठाऊक नसेल तर कोणाला? चौकशीच्या आदल्या संध्याकाळी ते माझ्या खिडकीशी आले होते.

"भाऊ, उद्या तुम्ही सांगा. मी सांगितलं तर मुकादमाचं कोण ऐकतंय? म्हणतील, आपल्या लेबरला वाचवतोय."

"बघू," मी म्हणालो.

"'बघू' नको. सांगा."

चौकशीनंतर ते आले नाहीत. सकाळी लेबर आत सोडताना खिडकीत डोकं घालणं त्यांनी बंद केलं. लांबूनच हात वर करायचे. त्यांचं कंत्राट गेलं आणि ते भावाकडे आखातात निघाले, तेव्हा रोह्याच्या एसटी स्टँडवर आमची गाठ पडली. हातात नवी बॅग. मी म्हणालो, "हमीदभाई, चाललात?" त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं. डब्याचा आकार पिशवीतून दिसत होता.

"भाऊ, तुमचा डबा आता कोण आणतो?"

एवढंच विचारलं आणि ते आपल्या गाडीकडे गेले. ही आमची शेवटची भेट.

देवका पुन्हा कामावर आली नाही. येण्यासारखी राहिलीही नव्हती. छाती गेली, आवाज घोगरा झाला, डोळ्यांना सावल्याच तेवढ्या दिसत. पण त्याहून एक गोष्ट मला जास्त टोचते. त्या प्रकरणानंतर फाटकावर लेबरची झडती सुरू झाली. संध्याकाळी घरी जाताना प्रत्येक बाईने पिशवी उघडून दाखवायची, पदर झटकायचा. निडीच्या, खांबच्या, वरशाच्या बाया, ज्यांनी आयुष्यात कोणाची काडी उचलली नव्हती, त्या माझ्या खिडकीसमोर पदर झटकत उभ्या राहायच्या, आणि झडती नीट होते का ते बघायचं काम माझं. त्या आपसांत बोलायच्या ते मला ऐकू यायचं.

"देवकानं डबा उचलला नि आमच्या पदराला हात लागला."

"नाव नको घेऊ गो तिचा."

त्यातली एक तिची सख्खी जाऊ होती.

मी तिथे निवृत्तीपर्यंत नोकरी केली. निरोपाला नारळ, शाल, साहेबांचं भाषण: म्हात्रेंच्या कानाने कंपनीतली लबाडी पकडली. टाळ्या पडल्या. नंतर फंडाच्या कामासाठी एकदा गेलो तर फाटकावरच्या नव्या पोराने मला उन्हात उभं करून आत फोन लावला, "साहेब, गेटवर एक पब्लिक आलंय." मी हसलो. मग हसू येईना. एसटीत बसल्यावर ठरवलं, निडीला जायचं.

ठरवल्यावरही जायला वर्षं गेली. दोनदा तर निडीच्या स्टेशनवर उतरून परतीच्या गाडीने घरी आलो. बायकोला मी सगळं सांगितलं होतं, तिने एकच विचारलं, "मग तिला सांगितलंत का?" त्यानंतर त्या वर्षी तिने वाल आणले नाहीत. शेवटी गेलो तो माघ महिना होता, रानात वाल उभे होते. वाटेत एक वाक्य तयार केलं होतं. देवकाबाई, तुम्हाला मी पाठवलं होतं, तुम्ही कुठे आहात हे मला माहीत होतं, मी सांगितलं नाही, तुम्ही चोर नव्हता, मला क्षमा करा. नागोठण्यापासून ते मनात म्हणत होतो.

ती पडवीत बसली होती. केस पांढरे झालेले. मांडीवर सूप, हाताने चाचपून वाल सोलत होती. धर्मा कधीच गेला होता. सून दारात उभी राहून म्हणाली, "आई, कोण तरी आलंय."

"मी कंपनीतला," मी म्हणालो.

देवकाचे हात थांबले. मान एका बाजूला कलली. "टायमकीपर भाऊ का?"

इतक्या वर्षांनी तिने आवाज ओळखला. कानाचा अभिमान मला होता.

"पाणी दे गो त्यांना. बसा भाऊ. वैनी बरी हाय ना?"

"बरी आहे."

मी पाणी प्यालो. सून तांब्या घेऊन तिथेच उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की कंपनी म्हटल्यावर तिला काय आठवतंय. या घरात ती आली ती डबाचोराची सून म्हणून. सांगायचं तर तिच्यासमोरच सांगायला हवं होतं. मी घसा साफ केला.

तेवढ्यात देवकाच म्हणाली, "भाऊ, येक इचारू? त्या दिवशी डबा पोचला का वो तुमाला?"

"पोचला," मी म्हणालो.

"जेवलात ना?"

मी सुपातल्या वालांकडे पाहिलं. सुनेने विचारलं, "आई, कोणचा डबा?"

देवकाने थोडा वेळ वाट पाहिली. माझ्या बाजूला तोंड करून, न दिसणारे डोळे माझ्यावर ठेवून. ती माझ्यासाठी थांबली होती हे मला तेव्हाही कळत होतं. मग तिने सुपातला एक वाल उचलला आणि त्याची साल काढली.

"काय नाय गो," ती सुनेला म्हणाली. "जुना कायतरी."

तिने सोललेले वाल फडक्यात बांधायला लावले. नको म्हणायचं बळ माझ्यात नव्हतं. पुढच्याच पावसाळ्यात ती गेली; ते मला फार उशिरा, एसटीत, कोणाच्या तरी बोलण्यातून कळलं. सुनेला तरी हे सांगावं म्हणून पुन्हा गेलो नाही. हा अंक तिच्या घरी पोचेल अशी व्यवस्था केली आहे. तिने हे वाचावं: देवका स्वतःहून आत गेली नव्हती. डबा तिने उचलला नव्हता, तो ती मला आणून देत होती.

निडीला गेलो त्या दिवशी मी वाल काखेत धरून अंगणात उतरलो. पायरीवरून देवकाची हाक आली. घोगरी, पण जुन्या ढंगाची.

"भाऊ, पन काम काय काढलंत येवड्या लांब?"

मी वळलो. वाक्य तयारच होतं.

"काही नाही," मी म्हणालो, "असंच, सहज आलो होतो."